पडदा लावला म्हणजे जीर्णोद्धार होत नाही

१/
एखाद्या जुन्या लष्करी जेट विमानाचा सिम्युलेटर संग्रहालयाच्या हाती येतो. आतली यंत्रांची कपाटे उपसून भंगारात दिली जातात, तारांचे जुडगे कापले जातात, कॉकपिटच्या कवचाला नवा रंग चढतो, समोर भलामोठा पडदा येतो आणि मागे बाजारातला संगणक बसतो. दारावर पाटी लागते : ‘जीर्णोद्धारित सिम्युलेटर’. रांगा लागतात, छायाचित्रे निघतात, सगळे खूश होतात.

या थ्रेडचे म्हणणे असे की याला जीर्णोद्धार म्हणता येत नाही. वाघाचे कातडे शाबूत आहे, आत पेंढा भरलेला आहे. आणि पाहणाऱ्याला सांगितले जात आहे की वाघ जिवंत आहे.

२/
आधी हे स्पष्ट व्हावे की गमावले काय जाते. विमान संग्रहालयात उभे असलेले विमान सांगते की माणसाने काय बांधले. माणूस ते चालवायला कसा शिकला, हे विमान सांगत नाही. ते सांगणारी वस्तू म्हणजे सिम्युलेटर.

संग्रहालयातील बाकी प्रत्येक यंत्राची रचना चूक टाळण्यासाठी झालेली असते. सिम्युलेटर हे एकमेव यंत्र आहे की ज्यात चूक व्हावी, वारंवार व्हावी आणि तरी कोणी मरू नये, यासाठी ते बांधले गेले. उड्डाणाच्या इतिहासातील चुकांचा हा दस्तऐवज आहे. दस्तऐवजाची पाने फाडून नुसते पुठ्ठे जपणाऱ्याला कोणी अभिलेखपाल म्हणणार नाही.

३/
या यंत्राचे मूळ एका वाद्याच्या कारखान्यात आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. त्या घरातल्या एडविन लिंक या तरुणाला उडायचे वेड होते. पण उड्डाणाचे धडे महाग होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने कारखान्यातलेच सामान वापरून जमिनीवरचे विमान तयार केले.

पेटीचा भाता ज्याने हलवला आहे त्याला हे यंत्र लगेच कळेल. हवेच्या दाबाने ऑर्गनचे भाते फुगत आणि मिटत, त्यावर बसवलेले आखूड पंखांचे खोके डावी-उजवीकडे, वर-खाली झुकत असे. दांडा ओढला की भाता प्रतिसाद देई. आधुनिक सिम्युलेटरचा हा पूर्वज आहे.

४/
या यंत्राचे पेटंट १९३१ साली मंजूर झाले. त्याच्या शीर्षकातच वैमानिक विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण आणि करमणूक अशी दोन्ही कामे नोंदवलेली आहेत. कारण सरळ होते. उड्डाणशाळांना या खोक्यात रस नव्हता, जत्रा-उद्यानांना होता. लोक पैसे टाकून त्यात बसत, हिंदकळत, हसत बाहेर पडत.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सिम्युलेटरचा जन्म खेळणे म्हणून मानला गेला आणि त्याचे ज्ञानसाधनात रूपांतर होण्यासाठी माणसे मरावी लागली. आज त्याला पुन्हा खेळणे बनवणारे हात घड्याळाचे काटे उलटे फिरवत आहेत.

५/
१९३४च्या फेब्रुवारीत अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हवाई टपालाची खासगी कंत्राटे रद्द केली आणि ते काम लष्कराच्या हवाई दलाकडे सोपवले. लष्करी वैमानिक दिवसाउजेडी, स्वच्छ आकाशात उडण्यात तरबेज होते. टपाल मात्र रात्री, धुक्यात, हिमवादळात न्यायचे होते. बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या काट्यांवर विश्वास ठेवून उडण्याचा सराव त्यांना नव्हता.

काही महिन्यांत डझनभर लष्करी माणसे मेली. त्याच वर्षी जूनमध्ये लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. सिम्युलेटरला लष्करात जागा मिळाली ती अशी, मृतांच्या यादीमागून.

६/
दुसऱ्या महायुद्धात हे खोके त्याच्या रंगामुळे ‘ब्लू बॉक्स’ नावाने जगभर पोहोचले. सुमारे दहा हजार यंत्रे बनली आणि पाच लाखांवर वैमानिक त्यांत शिकले, असा सर्वसाधारण हिशेब दिला जातो.

शिकणारा झाकणाखाली बसे. त्याला बाहेरचे काही दिसत नसे. शिक्षक जवळच्या मेजापाशी. मेजावरच्या नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र सरकत विद्यार्थ्याच्या कल्पित मार्गाची रेघ शाईने उमटवत जाई. त्याला ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा म्हणत. विद्यार्थ्याला वाटे आपण धावपट्टीकडे चाललो आहोत. खेकड्याची रेघ दाखवी की तो डोंगराकडे चालला आहे. ती रेघ पाहून धडा शिकवला जाई.

७/
जेट आल्यावर चित्र पालटले. वेग वाढला, इंधन झपाट्याने संपू लागले, निर्णयासाठी उरणारा अवधी सेकंदांवर आला. त्यातच अनेक लढाऊ जेट विमाने एकासनी होती. शिक्षकाला बसायला जागाच नाही. वैमानिक त्या विमानात प्रथम चढे तेव्हा तो एकटा असे.

भात्यांवर चालणारे खोके आता पुरेसे नव्हते. १९४९ साली अमेरिकी हवाई दलाने लिंक कंपनीला सी-११ या जेट प्रशिक्षकाचे कंत्राट दिले. पुढे तशी हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली. यात भात्याची जागा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅनालॉग संगणकाने घेतली. या थ्रेडचा वाद ज्या कपाटांवरून आहे, ती कपाटे येथे प्रथम येतात.

८/
अ‍ॅनालॉग संगणक म्हणजे काय, हे थोडक्यात. आजचा डिजिटल संगणक राशी अंकांत साठवतो. त्या यंत्रात राशी विद्युतदाबाच्या रूपात वाहत. उंची म्हणजे एका तारेवरचे अमुक व्होल्ट, वेग म्हणजे दुसऱ्या तारेवरचे तमुक. वैमानिकाने दांडा ओढला की दाब बदले; व्हॅक्यूम ट्यूबचे प्रवर्धक त्यांची बेरीज करत, सर्व्हो मोटर दांडे फिरवत, त्या दांड्यांवरील पोटेन्शियोमीटर गुणाकार करत आणि अखेर कॉकपिटमधला काटा हले.

म्हणजे विमानाच्या गतीची समीकरणे कपाटात प्रत्यक्ष फिरत होती. झाकण उघडले तर गणित होताना डोळ्यांनी दिसे. वेग वाढला की अमुक दांडा इतका फिरला, हे बोट ठेवून दाखवता येई.

९/
आता कळीचा मुद्दा. विमानाचे वर्तन सरळ रेषेत जात नाही. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर अकस्मात कोसळते. हा वक्र यंत्रात कसा घालायचा? त्यासाठी पोटेन्शियोमीटरची तार ज्या पट्टीवर गुंडाळायची ती पट्टीच त्या वक्राच्या आकारात कापत. पवनबोगद्यातील चाचण्यांतून आणि उड्डाणांतून मिळालेले ज्ञान अशा रीतीने वस्तूच्या आकारात उतरे.

तळहातावर मावणाऱ्या त्या पट्टीत एका विमानाचा स्वभाव कोरलेला असतो. ते विमान कुठे विश्वासघात करील, हे त्या काळच्या अभियंत्यांना किती कळले होते, त्याचा तो पुरावा आहे. कपाट भंगारात गेले की हा पुरावा किलोच्या भावाने जातो.

१०/
त्या कपाटांत आणखी एक इतिहास असतो : ते यंत्र चालते ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचा. अ‍ॅनालॉग यंत्र तापमानाबरोबर सरकते. आज शून्यावर लावलेला काटा उद्या शून्यावर राहीलच असे नाही. त्यामुळे वैमानिक येण्याआधी तंत्रज्ञ येत, दाब तपासत, शून्य पुन्हा जुळवत, थकलेल्या ट्यूब बदलत. पॅनेलच्या कडेला पेन्सिलीने केलेली खूण, एखाद्या तारेला नंतर जोडलेला डाग, बदललेल्या भागावरची चिठ्ठी, ही त्यांची हस्ताक्षरे.

लष्करी इतिहास वैमानिकांची नावे जपतो. या माणसांची नावे कुठे कोरलेली नसतात; त्यांचे काम तेवढे त्या तारांत शिल्लक असते. तारा कापणारा कात्रीचा एक फटका त्यांना इतिहासातून पुसतो.

११/
आणि तो पडदा. नव्याने ‘जीर्णोद्धार’ झालेल्या सिम्युलेटरसमोर डोंगर, ढग, धावपट्टी असे झगझगीत दृश्य असते. पाहणाऱ्याची समजूत होते की १९५०च्या दशकातला वैमानिक असेच पाहत शिकला. हे धादांत खोटे आहे.

त्या पिढीतील बहुतेक जेट सिम्युलेटरमध्ये बाहेरचे दृश्यच नव्हते. खिडक्या अपारदर्शक असत. ती केवळ पैशाची चणचण म्हणून नव्हे; ढगात, रात्री, फक्त काट्यांवर उडणे हाच मुख्य पाठ होता. आंधळे असताना डोके शांत ठेवण्याची ती तालीम होती. पडदा लावून त्या वैमानिकाला डोळे बहाल करणे म्हणजे त्याला जे सहन करावे लागले ते नाकारणे.

१२/
पुढील पिढीत दृश्य आले, पण तेही आजच्या पडद्यासारखे नव्हते. एका दालनात भिंतीएवढा भूप्रदेशाचा नमुना उभा करत. त्यावर हाताने रंगवलेली शेते, रस्ते, झाडे, धावपट्टी. त्याच्यासमोरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा रुळांवर सरके. वैमानिकाने विमान वळवले की पलीकडच्या खोलीत कॅमेरा वळे आणि त्याने टिपलेले चित्र कॉकपिटसमोर दिसे. विमान ‘कोसळले’ तर कॅमेरा खरोखरच नमुन्यावर आदळण्याचा धोका असे, म्हणून त्याला रक्षक यंत्रणा लावत.

अशा नमुन्यांवर कारागिरांचे कित्येक महिने खर्ची पडत. संगणकीय दृश्ये येताच ते आधी मोडीत निघाले. जागा फार व्यापतात, हा त्यांचा गुन्हा.

१३/
ज्यांना वाटते की सिम्युलेटर ही विमानाच्या इतिहासातली तळटीप आहे, त्यांनी व्हर्लविंडची कथा वाचावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकी नौदलाने एमआयटी या संस्थेकडे एक मागणी केली : कोणत्याही विमानाचे वर्तन हुबेहूब दाखवू शकेल असे एकच प्रशिक्षण यंत्र हवे. जे फॉरेस्टर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. अ‍ॅनालॉग मार्ग त्यांना अपुरा वाटला, म्हणून ते डिजिटलकडे वळले.

वैमानिकाने दांडा ओढल्यावर उत्तर त्याच क्षणी हवे. उद्या छापून मिळून उपयोग नाही. या एका गरजेतून तत्क्षण प्रतिसाद देणारा संगणक जन्मला. १९५१मध्ये तो चालू झाला. चुंबकीय कड्यांची स्मृती १९५३मध्ये त्याच्यावर प्रथम कार्यान्वित झाली आणि पुढे अनेक वर्षे जगभरचे संगणक तशा स्मृतीवर चालले.

१४/
गंमत अशी की या धडपडीत मूळ कॉकपिट मागे पडले आणि प्रकल्पातून वगळले गेले. सिम्युलेटर बांधायला निघालेली माणसे संगणक बांधून बसली. त्या संगणकावरून पुढे अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची सेज ही प्रणाली उभी राहिली.

आणि हे यंत्र वाचले कसे? १९५९मध्ये अधिकृत काम संपल्यावर प्रकल्पातील एका सदस्याने ते वर्षाला एक डॉलर भाड्याने घेऊन १९७३पर्यंत जपले. नंतर केन ओल्सन आणि रॉबर्ट एव्हरेट यांनी त्याचे भाग भंगारात जाण्यापासून वाचवले; बॉस्टनच्या संगणक संग्रहालयाचा पाया त्यातून घातला गेला. एका हट्टी माणसाने ‘जागा फार लागते’ हे कारण मानले असते, तर संगणकाच्या इतिहासाचा हा दुवा आज फक्त छायाचित्रांत उरला असता.

१५/
आता प्रतिपक्ष. पहिला आक्षेप : ‘ही जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रे पुन्हा चालूच शकत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत.’ ऐकायला व्यवहारी वाटते, पण पुरावा विरुद्ध आहे. ब्रिटनमधील हार्वेलचा डेकाट्रॉन संगणक १९५१चा. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात स्वयंसेवकांनी तो मूळ यंत्रसामग्रीसह दुरुस्त केला आणि नोव्हेंबर २०१२मध्ये तो पुन्हा चालू लागला. कॅलिफोर्नियाच्या संगणक इतिहास संग्रहालयात आयबीएमचे दोन १४०१ संगणक निवृत्त अभियंत्यांनी पुन्हा जिवंत केले आहेत.

हे शक्य आहे. वेळ लागतो, पैसा लागतो, आणि सर्वांत जास्त लागतो तो संयम. संयम नाही हे कबूल करावे. ‘अशक्य आहे’ असे म्हणू नये.

१६/
खऱ्या जीर्णोद्धाराची रीत कंटाळवाणी असते. वस्तू हलवण्याआधी प्रत्येक जोडणीचे छायाचित्र आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी. आराखड्यांचा शोध. डायलवरच्या जुन्या चमकत्या रंगात रेडियम असू शकते, उष्णतारोधक आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. दोन्ही घातक, म्हणून आधी तपासणी. वर्षानुवर्षे बंद असलेले कपॅसिटर एकदम पूर्ण दाब दिल्यास फुटतात. म्हणून दाब थोडा थोडा, तासन् तास वाढवत न्यावा लागतो. तडकलेले रबर, गंजलेले स्पर्शबिंदू, एक एक करून.

या कामाचे चित्रीकरण कोणी पाहणार नाही. उद्घाटनाची फीत कापायलाही तीन-चार वर्षे थांबावे लागेल. म्हणूनच पडद्याचा मोह होतो. पडदा एका महिन्यात लागतो.

१७/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘मुले येतात ती उडायला. काचेमागचे मुके कपाट कोण पाहील? तिकिटे विकली नाहीत तर संग्रहालयच बंद पडेल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

इंग्लंडमधील ब्रुकलँड्स संग्रहालयाचे उदाहरण घ्यावे. ब्रिटिश एअरवेजचे वैमानिक ज्यात कॉन्कॉर्ड शिकले, तो फिल्टनचा सिम्युलेटर तेथे आला. तो प्रवासी विमानाचा, पण त्याच जेटयुगातला. आज तो आधुनिक संगणकांवर आणि प्रक्षेपित दृश्यावर चालतो, मूळची हालचाल आता नाही, आणि पाहुण्यांना कॉन्कॉर्डचे माजी वैमानिक मार्गदर्शन करतात. पाहुण्याला त्या माणसांकडून जे मिळते ते अमूल्य आहे. अशा प्रयत्नाला नावे ठेवणे हा या थ्रेडचा हेतू नाही.

१८/
वाद नव्या संगणकाशी नाहीच. मूळ यंत्रणा आधीच गेलेली असेल, तर कवचाला नव्या साधनांनी बोलते करणे हे पुण्यकर्म आहे, त्याला त्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे पुनरुज्जीवन म्हणून ओळखावे. वाद तेव्हा सुरू होतो, जेव्हा मूळ कपाटे जागेवर असताना सोयीसाठी ती उपसली जातात.

स्मारकांच्या जतनाविषयी १९६४च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेला दंडक येथेही लागू पडतो : जेथे तर्काला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवे जे घालाल ते नवे म्हणून ओळखू आले पाहिजे. गडाच्या तटबंदीत सिमेंट ओतलेले पाहून ज्यांचे रक्त उसळते, त्यांनी कापलेल्या तारांकडेही त्याच डोळ्यांनी पाहावे.

१९/
तिसरा आक्षेप वैचारिक आहे : ‘शेवटी ही युद्धाची यंत्रे. त्यांचे एवढे कौतुक कशाला?’ उलट, युद्धाचे गोडवे नको असतील तर सिम्युलेटर जपलाच पाहिजे. चौथऱ्यावर चढवलेले चकाकते विमान फक्त पराक्रम सांगते. सिम्युलेटरच्या शिक्षककक्षातील कळा दुसरेच काही सांगतात : इंजिनाला आग, द्रवदाब गेला, विद्युतपुरवठा खंडित, दिशादर्शक बंद. एकेक कळ म्हणजे आधी कुठेतरी घडलेला किंवा घडण्याची भीती असलेला अपघात.

त्या कळांची यादी वाचणे म्हणजे त्या विमानाच्या भीतीचा इतिहास वाचणे. वीरगाथेला उतारा हवा असेल तर तो येथे आहे. पडद्याच्या खेळात मात्र या कळा निरुपयोगी ठरतात, कारण पाहुण्याला आग नको असते, सूर्यास्त हवा असतो.

२०/
हा प्रश्न परदेशापुरता राहिलेला नाही. १९६३मध्ये भारतीय हवाई दलात आलेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात या विमानाची परवान्याखाली बांधणी झाली. महाराष्ट्रातील कामगारांच्या दोन पिढ्यांचे हात त्याला लागले. देशात अशी साडेसहाशेच्या आसपास विमाने तयार झाली.

या विमानाची दुसरी बाजूही सर्वांना ठाऊक आहे. २०१२मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे मांडले : १९७०च्या दशकाच्या आरंभापासून तोवर सर्व प्रकारच्या मिग विमानांचे ४८२ अपघात, १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील ८ जणांचा मृत्यू.

२१/
या मृत्यूंमागे अनेक कारणे होती : यंत्रदोष, पक्ष्यांची धडक, मानवी चूक. प्रशिक्षणाची दरी हेही त्यातले एक. कमी वेगाच्या प्रशिक्षण विमानातून कोवळा वैमानिक थेट ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या मिग-२१कडे जाई. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवे, असे १९८२मध्ये नेमलेल्या ला फाँटेन समितीने सांगितले. हॉक विमानांचा करार झाला २००४मध्ये. ती दाखल झाली २००८मध्ये. मधल्या पाव शतकात ती पायरी नव्हतीच.

चौकाचौकांत उभी असलेली मिग-२१ विमाने या पाव शतकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ती कहाणी प्रशिक्षणाच्या साधनांत आहे : सिम्युलेटर, पाठ्यक्रम, शिक्षकांच्या वह्या, चुकांच्या नोंदी. यांतले जे जपले जाणार नाही, त्याबद्दल प्रश्न विचारणे पुढच्या पिढीला अशक्य होईल.

२२/
येथे एक साधी भौतिक अडचण निर्णायक ठरते. विमान उघड्यावर उभे करता येते. ऊनपाऊस खात ते काही दशके टिकते. सिम्युलेटरला छप्पर लागते, कोरडी हवा लागते, कुलूप लागते. वास्को येथील नौदलाच्या विमान संग्रहालयासारख्या समुद्राजवळच्या जागी दमट, खारी हवा तांब्याच्या तारेला आणि स्पर्शबिंदूंना सोडणार नाही. म्हणून जागेची टंचाई आली की पहिला बळी सिम्युलेटरचा जातो.

मोठी वस्तूही वाचत नाही, हे मुंबईने पाहिले आहे. १९९७मध्ये निवृत्त झालेली विक्रांत ही विमानवाहू नौका काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४मध्ये तिचे तुकडे होऊ लागले. तिच्यासाठी निदान लोक न्यायालयात गेले. सिम्युलेटरच्या कपाटासाठी कोण जाणार?

२३/
म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. एक : विमान संग्रहालयात देताना त्याचा सिम्युलेटर, आराखडे आणि प्रशिक्षणपुस्तिका त्याच्या जोडीने द्याव्यात, गोपनीय भाग वगळून, पण वगळला आहे हे नोंदवून. दोन : मूळ कपाट जागेवर असेल तर तार कापायची नाही. नवा संगणक जोडायचाच असेल तर मूळ प्लगवर, असा की उद्या तो काढला तरी यंत्र जसेच्या तसे राहील. तीन : पाटीवर खरे लिहावे, काय मूळ, काय नवे, काय हरवले. चार : शिकवणारे वैमानिक आणि तंत्रज्ञ हयात आहेत तोवर त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला जवळपास पैसाच लागत नाही.

२४/
मुलांना उडायचे असेल तर उडू द्यावे. शेजारच्या खोलीत पडदा लावावा, हवे तितके ढग दाखवावेत. पण एका खोलीत मूळ यंत्र असावे, अपारदर्शक खिडक्यांचे. आत एका वेळी एकाने बसावे. बाहेर काही दिसू नये. काटे हलावेत, कपाटातल्या मोटरींची घरघर ऐकू यावी आणि शिक्षककक्षातून कोणीतरी न सांगता एक कळ दाबावी.

त्या दोन मिनिटांत त्या मुलाला कळेल की विशी-बाविशीच्या वयात ढगात एकटे असणे म्हणजे काय आणि त्या एकटेपणासाठी तयारी करून घेणारे यंत्र किती मोलाचे होते. संग्रहालयाचे काम हे कळवणे आहे. ज्याने कपाट भंगारात दिले, त्याच्याकडे कळवण्यासारखे काही उरलेले नाही.

(थ्रेड समाप्त)